सात वर्षांसाठी दिलेला आवाज

३ फेब्रुवारी. घरात जीव दोन. मागच्या वर्षी याच तारखेला तीन होते: आई, ताई आणि धाकटा भाऊ.

ताईचा चेहरा बाहेर कोणी ओळखत नसे. आवाज मात्र घरोघरी शिरलेला. जाहिरातींना आवाज देणे हे तिचे पोटापाण्याचे काम. स्पंजने मढवलेल्या कोंदट खोलीत ती चपला काढून उभी राहायची, कारण चपलेची करकरही माइक टिपतो. दोन वर्षांपूर्वी असेच बिस्किटांचे काम आले. कागदावर ‘धान्य’ हा शब्द पाच वेळा होता, ‘साखर’ औषधालाही नव्हता.

“बाई, बिस्किट विकू नका,” दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला. “माणसाला खायचं असतंच. कोणीतरी ‘खा’ म्हणायची तो वाट बघत असतो. घरचं माणूस म्हणेल तसं म्हणा.”

लहानपणी तापात ती जेवणाला नाही म्हणाली की आई ज्या सुरात आर्जव करायची, तो सूर ताईने उचलला. “एवढ्याने काय होतंय? माझ्यासाठी खा.” काचेपलीकडे टाळ्या पडल्या. कागदावरची ओळ खोडली गेली आणि ही राहिली.

आईला बारा वर्षांचा मधुमेह. चहासुद्धा ती बिनसाखरेचा घ्यायची, कोणी आग्रह केला तर कप उलटा ठेवायची. जाहिरात सुरू झाली तशी ती हातातले काम टाकून टीव्हीपुढे बसू लागली. भाऊ कौतुकाने पुडे आणू लागला.

“टीव्हीतली ताई किती मायाळू! घरातली नुसती खेकसते.”

“गप रे! माझ्या वळणावर गेलीये ती,” आई म्हणायची आणि पुडा फोडायची.

ताई दिवसभर बाहेर असे. तिच्या कानावर यातले काहीच आले नाही. मग आईला नवी चप्पल चावली. अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरेना, कडा काळ्या पडल्या. पट्टीसाठी जुने कापड शोधताना ताईला कपाटात, साड्यांच्या घडीखाली, चापूनचोपून ठेवलेले रिकामे पुडे सापडले.

“आई, डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना?”

“हे धान्याचं आहे. तूच सांगतेस की, दिवसातून दहादा.”

“अगं, ते काम आहे माझं! पैसे देतात म्हणून बोलते मी.”

“लोकांशी बोलत असशील तसं. तो सूर ओळखते मी, माझाच आहे. त्या सुरात तू मला खोटं सांगणार नाहीस.”

ताईने पुडे तसेच घडीखाली सारले आणि पट्टीसाठी जुने कापड फाडले.

आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय. विष अंगात भिनले होते. आई गेली.

ताई कंपनीत गेली. जाहिरात थांबवा म्हणाली. अधिकाऱ्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिले, दुःख व्यक्त केले आणि करार पुढे सरकवला. आवाज सात वर्षांसाठी त्यांचा होता. “लोकांना फार आपला वाटतो हो तुमचा आवाज,” तो म्हणाला, आणि ते खरे होते.

भावाने टीव्ही विकून टाकला. शेजाऱ्यांची भिंत पातळ आहे. आजही संध्याकाळी तिकडून आईचा सूर आला, एवढ्याने काय होतंय, आणि पाठोपाठ पुडा फाटल्याचा आवाज. ताई उठून भिंतीपाशी गेली. ठोकायला उचललेला हात तसाच राहिला. काय सांगणार? सांगायचे तर याच आवाजात.

कराराची पाच वर्षे शिल्लक आहेत. कंपनीने ताईचे सगळे पैसे वेळेवर चुकते केले. आईचे देणे राहिले आहे.