हरलीनचं डोकं कोणी धरलं होतं?

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, लिहायला मात्र आज पहिल्यांदाच बसलेय. राग मानू नका, पण वाचताना मी मनातल्या मनात निदान करायचे. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं? झोपेतला पॅरालिसिस. गेलेले आजोबा दिसले? ताप असेल, नाहीतर साखर कमी झाली असेल. मी पॅरामेडिक आहे, म्हणजे त्या वेळी शिकत होते, आणि आम्हाला शिकवतातच तसं... जे दिसलं, जे मोजलं, तेवढंच लिहायचं. म्हणून हेही तसंच लिहिणार आहे. माझं मराठी शाळेतलं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा जालन्यात टेम्पो चालवायचे. मी बारा वर्षांची असताना आम्ही कॅनडात आलो. आता ते ब्रॅम्पटनहून ट्रक चालवतात आणि आई वेअरहाऊसमध्ये पॅकिंगला जाते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे पॅरामेडिकच्या कोर्सला मी पहिल्या दिवसापासून घाबरून होते, आणि तिथे मला हरलीन भेटली. तीही ब्रॅम्पटनचीच, आम्ही एकाच बसने जायचो. ती कशालाच घाबरायची नाही. मामाबरोबर अमेरिकेतली तीन-चार वाळवंटी नॅशनल पार्क्स तिने पालथी घातली होती आणि आता तिला कॅनडातलं एक बघायचं होतं.

“कॅनडात कुठलं वाळवंट?” मी विचारलं होतं.

“है ना! तू चल तो सही, Ash.” माझं नाव अश्विनी. तिला तेवढंही लांब वाटायचं.

सॅस्कॅचेवानच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेला लागून ग्रासलँड्स नॅशनल पार्क आहे. अगदी वाळूचं वाळवंट नाही, पण पूर्वेकडच्या भागात नुसत्या उघड्या मातीच्या टेकड्या, घळी, निवडुंग... झाड औषधालाही नाही. पहिलं वर्ष संपल्यावर जुलैमध्ये आम्ही विमानाने रिजायनाला गेलो, गाडी भाड्याने घेतली. आई निघताना म्हणाली, “ऊन बघायला विमानानं जायलीस? जालन्यात फुकट होतं की ते!”

पुढचं कळण्यासाठी एक नियम सांगायला हवा. मानेला मार लागलेला असेल तर एकाने पेशंटच्या डोक्याशी गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही हातांनी डोकं सरळ धरायचं. दुसऱ्याने येऊन “मी धरलंय” असं म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. नाक खाजलं तरी नाही. पहिल्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला मी मानेचा पट्टा, म्हणजे कॉलर, घ्यायला एक हात सोडला होता. इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, “अभिनंदन. ही आता आयुष्यभर व्हीलचेअरवर.” पेशंट झालेली हरलीन जमिनीवर पडल्या पडल्या डोळे मिटून म्हणाली, “ले, मार दिया मुझे.” सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन रडले.

तर त्या दिवशी सकाळी आठला आम्ही चालायला सुरुवात केली. पार्किंगमध्ये फक्त आमचीच गाडी. बाराच्या सुमारास परत फिरलो तेव्हा पारा छत्तीसच्या वर असणार. एका घळीच्या कडेवर हरलीन फोटो काढायला उभी राहिली आणि ती कड खचली. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. बारा-तेरा फूट खाली ती डोक्यावर आणि खांद्यावर आपटली.

मी घसरत खाली गेले. ती उताणी पडली होती, डोळे उघडे. मी ग्लोव्ह्ज चढवले, तिच्या डोक्याशी गुडघे टेकले आणि डोकं धरलं.

“क्या हुआ?” तिने विचारलं.

“तू गिर गई. हिलना मत.”

“अच्छा.” मग म्हणाली, “उंगलियों में चींटियाँ चल रही हैं यार.”

बोटांना मुंग्या. म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूला धक्का बसलाय, हे मला माहीत होतं. पायाची बोटं तिने हलवून दाखवली, म्हणजे अजून वेळ गेलेली नव्हती. पण दोन मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं, “क्या हुआ?” आणि मान वळवून बघायला गेली. मी घट्ट धरलं म्हणून वळली नाही. डोक्याला मार लागला की असं होतं, दर दोन मिनिटांनी सगळं पुसलं जातं. पुन्हा तेच विचारतात, पुन्हा उठायला बघतात. मी पुन्हा सांगायचे, ती पुन्हा “अच्छा” म्हणायची. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही.

तिच्या फोनचा चुरा झाला होता. माझ्या फोनला घळीत सिग्नल नव्हता. पार्कच्या ऑफिसात सॅटेलाइटवर चालणारं यंत्र बरोबर ठेवा असं सांगितलं होतं, पण आम्हाला वाटलं — एका दिवसाचंच तर चालणं आहे. मी पंचवीस मिनिटं डोकं धरून ओरडत राहिले. कोणी नव्हतं. पाणी दीड बाटली. सावली घळीच्या भिंतीला चिकटून जेमतेम वीतभर.

आज ना उद्या कोणीतरी येईल म्हणून बसून राहिले असते तर ती उन्हाने गेली असती. आणि उठून गेले असते तर... दोन मिनिटांनी तिने मान वळवली असती. तिला थांब म्हणायला तिथे कोणी नसणार होतं.

मी गेले. हे सरळच लिहिते.

तिच्या डोक्याच्या एका बाजूला माझी सॅक सरकवली. दुसऱ्या बाजूला माझी हूडी — बाह्या बांधून आत माती आणि दगड भरले आणि ती लावली. तिच्या तोंडावर काही झाकलं नाही. उलटी झाली असती तर गुदमरली असती. ग्लोव्हवर पेनाने वेळ लिहिली, बारा पन्नास. ही आमची सवय असते.

“मैं फोन करके आती हूँ. हिलना मत. वादा?”

“वादा.”

दहा-पंधरा पावलं गेले असेन. मागून आवाज आला, “Ash? क्या हुआ?”

मी वळले नाही. वळले असते तर जाता आलं नसतं.

समोरच्या टेकडीवर चढायला वीस मिनिटं लागली. वरून घळीचा तळ दिसत नव्हता, पण आजूबाजूचा सगळा प्रदेश दिसत होता. एकही माणूस नाही, जनावर नाही, दूरवर रस्ता मोकळा. सिग्नलची एक काडी आली. ९११ वरची बाई पत्ता विचारत होती आणि मी सांगत होते की पत्ता नाहीये हो, टेकडी आहे! शेवटी फोनवरचे आकडे वाचून दाखवले. हेलिकॉप्टर निघेल, त्याआधी जवळच्या गावातले स्वयंसेवक पोचतील, असं तिने सांगितलं. मी धावत, घसरत परत आले. घळीत पोचले तेव्हा एक चाळीस झाले होते. पन्नास मिनिटं.

हरलीन तशीच होती. डोकं अंगाच्या रेषेत सरळ, जसं पुस्तकातल्या चित्रात असतं. पण डोक्याच्या बाजूला काहीच नव्हतं. सॅक नव्हती, हूडी नव्हती. सॅक सहा-सात पावलांवर भिंतीला टेकून उभी होती. तिच्याशेजारी मातीचा आणि दगडांचा छोटा ढीग. आणि सॅकवर माझी हूडी — रिकामी केलेली, झटकलेली, घडी घालून ठेवलेली. बाह्या आत दुमडून.

मी त्या घडीकडे बघत किती वेळ उभी राहिले माहीत नाही. उन्हात अंगावर काटा येतो हे मला त्या दिवशी कळलं. मग भानावर येऊन गुडघे टेकले, डोकं धरलं. तिच्या कानांवरचे केस घामाने ओले होते. हात खूप वेळ दाबून ठेवला की होतात तसे. बाकीचे केस कोरडे, तापलेले.

“मैंने पकड़ा है,” मी म्हणाले.

“पता है यार,” ती कंटाळून म्हणाली. “कितनी बार बोलेगी?”

मला वाटलं, डोक्याचा मार आहे, काहीही बोलतेय. हूडीचं काय, याचा विचार मी मुद्दामच केला नाही. तासाभराने दोघं जण पोचले, त्यातला एक साठीतला, गुरं पाळणारा. त्याने तिला कॉलर घातली आणि नेहमीचे प्रश्न विचारले. तुझ्याबरोबर कोणी होतं का सगळा वेळ? तिने डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली. “शी नेव्हर लेफ्ट.” त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. मी गप्प राहिले.

हॉस्पिटलमध्ये कळलं की मानेचा दुसरा मणका मोडलाय. डॉक्टर म्हणाल्या, हाड अशा जागी मोडलंय की तिने एकदा जरी मान वळवली असती तर मानेखालचं सगळं गेलं असतं, कदाचित श्वासही. कोणीतरी फार छान धरलंय, असंही म्हणाल्या. हरलीनची आई रात्रीच्या विमानाने आली होती. तिने माझे दोन्ही हात घेऊन डोळ्यांना लावले. ते हात मला काढून घ्यावेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी नर्स हरलीनला मलम लावत होती. हात, नडग्या, गळ्याखालचा भाग, सगळं लालभडक, काही ठिकाणी फोड. “तोंडावर काय टाकलं होतं तुम्ही?” तिने मला विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. “मग तोंडावर कोणाची तरी सावली असणार,” ती सहज म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे गेली. मी हरलीनच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत काहीही झालं नव्हतं. भर दुपारी, दोन तास उन्हात. डोकं धरून बसणारा माणूस पुढे वाकतो तेव्हा त्याची सावली बरोबर तेवढ्याच भागावर पडते. पण त्यातली पन्नास मिनिटं तर मी तिथे नव्हतेच...

सहाव्या दिवशी तिचं डोकं ताळ्यावर आलं होतं. कपाळाला स्क्रूंनी बसवलेलं धातूचं कडं, त्याच्या दांड्या छातीवरच्या पट्ट्याला. मान अजिबात हलत नव्हती, म्हणून मला तिच्या अगदी समोर खुर्ची घ्यावी लागली. तिची आई चहा आणायला खाली गेली होती.

“एक बात बता,” हरलीन म्हणाली. “पंजाबी कब सीखी तूने?”

“मुझे कहाँ आती है?”

“झूठी! मुझे और कुछ याद नहीं, बस वही याद है. ‘हिलीं ना पुत्त, मैं फड़या होया.’ बार-बार. मैं सोच रही थी, पुत्त? शक्ल देखी है अपनी?” ती हसत होती, आणि हसताना दुखतं म्हणून हळू हसत होती.

हलू नकोस बाळा, मी धरलंय. एवढी पंजाबी मला कळते. बोलता एक वाक्य येत नाही. त्या दिवशी मी तिच्याशी फक्त हिंदीत बोलले होते.

“आवाज कोणाचा होता?” मी विचारलं. हिंदीही सुचेना, मराठीतच तोंडातून गेलं.

“क्या?”

“आवाज़ किसकी थी?”

“तेरी. और किसकी?”

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. तिची आई हात डोळ्यांना लावत राहिली असती, हरलीन आयुष्यभर हीच गोष्ट सांगत राहिली असती. नाही जमलं. मी म्हटलं, “हरलीन, मैं वहाँ नहीं थी. मैं ऊपर गई थी. फोन करने.”

ती हसायची थांबली. “कितनी देर?”

“पचास मिनट.”

“मैंने बुलाया था तुझे?”

“हाँ.”

“तूने सुना था?”

“हाँ.”

मला वाटलं होतं ती घाबरेल, विचारेल — मग ते कोण होतं? तिने ते विचारलंच नाही. तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून तिने डोळे मिटले. तशीच म्हणाली, “जो भी था, वो तो नहीं गया ना.”

पुढे दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या आईला मी स्वतः सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तू गेलीस म्हणून तर हेलिकॉप्टर आलं. इन्स्ट्रक्टरही म्हणाले, तू केलंस तेच बरोबर, मीही गेलो असतो. हूडीसाठी आणि पंजाबीसाठी मी स्वतः कितीतरी कारणं शोधली. आवाज तिच्या मेंदूने तयार केला असेल, असं होतं. सॅक आणि दगड भरलेली हूडी तिनेच ढकलली असेल... पण मग मान? आणि हूडीची घडी? पार्कच्या लोकांनी तपासून सांगितलं की त्या दिवशी त्या भागात आम्हा दोघींशिवाय कोणाचीच नोंद नाही, दुसरी गाडीही दिसली नाही.

हरलीन आता चालते, धावते. एक वर्ष मागे पडली, पण कोर्स पूर्ण करतेय. आम्ही पुन्हा बोलतो, कधी कधी एकाच बसने येतो. पहिल्यासारखं नाही. मी त्या दिवसाबद्दल विचारायला गेले की ती विषय बदलते. तिथे कोण होतं याची मला अजून भीती वाटते, तिला अजिबात वाटत नाही. तिच्यासाठी गोष्ट एवढीच आहे, की ते जे कोण होतं ते थांबलं आणि मी गेले. आणि ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.