राखेखालचा रंग

भाषा हा समाजाचा श्वास असतो. आमोण्यात देवळासमोरच्या सभेत दादा असं म्हणाला आणि टाळ्या पडल्या. गोव्याच्या राजभाषेच्या वादात तो मराठीच्या बाजूचा. कोकणीवाल्यांच्या सभेतही मी हेच वाक्य ऐकलं होतं, टाळ्याही तशाच. त्या वेळी दादाची आठ वर्षांची मुलगी घरी पेंढ्याच्या खोलीत उशीला टेकून बसली होती. आडवी झाली की तिच्या छातीत शिट्टी वाजायची.

दमा तिला आधीपासूनच होता. सभेच्या आदल्या पावसाळ्यानंतर ताप आला, छातीच्या फोटोत उजवीकडे डाग दिसला आणि डिचोलीच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. मग घराने जे करायचं ते केलं. तिचं ताट, तिचा पाणी प्यायचा कोप वेगळा झाला. अंथरूण गुरांच्या पेंढ्याशेजारी गेलं. ओल धरलेल्या पेंढ्याला कुबट वास यायचा, पण आम्हाला तो घराचाच वास वाटे. थुंकायला राख घातलेली करवंटी. वहिनी थुंकीवर लगेच राख लोटायची आणि करवंटी परसात पुरायची. इंजेक्शनं महिनोन्‌महिने चालली. पोर वाळून काठी झाली.

शेवटी पणजीच्या डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो उजेडावर धरला. डाग उजवीकडून डावीकडे गेला होता.

"क्षय असं बिऱ्हाड बदलत नाही," ते म्हणाले. "कफाचा रंग कसला?"

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे.

"राखेंत रंग खंय दिसता, डॉक्टर?" वहिनी म्हणाली.

"तपकिरी," मुलगी म्हणाली. "गुठळ्यो पडटात."

"मागीर सांगलें कित्याक ना?" दादाने तिला जाब विचारला. सभेबाहेर तो कोकणीतच बोलायचा.

"विचारलें कोणें?" मुलगी म्हणाली.

बुरशीच्या अर्काचा थेंब टोचला तर हातावर गांधी उठली. रक्ताची तपासणीही तेच म्हणाली. दम्याच्या मुलांना कधी कधी फुप्फुसातल्या बुरशीची अ‍ॅलर्जी होते, ती क्षयासारखी दिसते, पण कुणाला लागत नाही. हे शेवटचं वहिनीने दोनदा विचारून घेतलं. घरी आल्यावर मुलीचं अंथरूण तिने आपल्या अंथरुणाला लावून घातलं.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू शिट्टी थांबली. गोवा राज्य झालं त्या दिवशी दादा पेढे घेऊन आला आणि गंभीरपणे इतिहासाबद्दल बोलू लागला. त्याचं बोलणं संपेपर्यंत मुलीने अर्धा पुडा संपवला. त्या गोळ्यांनी भूक फार वाढते.