बाबांच्या गाडीला लागणारं ऑइल

२२ डिसेंबर, रविवार. बाबांच्या मोटारसायकलचं ऑइल बदलायचं होतं, दिवाळीपासून दुसऱ्यांदा. पाना, जुनं घमेलं, चिंध्या आणि नव्या ऑइलची बाटली मी उतईच्या माझ्या घरूनच स्कूटीवर आणली होती. बाबांच्या घरात पाने मिळत नाहीत असं नाही. पण ते प्रत्येक पान्यामागची एक हकीकत सांगतात, आणि मला दुपारी परतायचं होतं.

बाबा खुर्सीपारला एकटे राहत. भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या रोलिंग मिलमधून फिटर म्हणून रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि हे दोन खोल्यांचं घर बांधलं. आई गेल्यावर मी त्यांना उतईला माझ्याकडे या म्हणून सांगत राहिले. माझा नवराही सांगून थकला. शेवटी बाबांनीच तोड काढली.

"जोपर्यंत मी गाडी चालवून राहिलो, तोपर्यंत मी माह्या घरी. ज्या दिवशी गाडी सुटली, त्या दिवशी तुह्या घरी. मंग तू म्हनशीन तिथं बसीन."

मी हो म्हटलं. तेव्हा त्यांची गाडी कधी सुटेल असं दोघांनाही वाटत नव्हतं. त्या गाडीवर ते भाजी आणत, विहारात जात, प्लांटच्या गेटजवळ जुन्या सोबत्यांबरोबर चहा पीत, आणि मनात आलं की न सांगता उतईला माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवत. जेवून, माझ्या वरणात मीठ कमी असतं हे सांगून, उजेड असतानाच परत निघत.

धम्मचक्र दिनाच्या सुमारास त्यांची तक्रार सुरू झाली.

"गिअर अडकून राहिला, बाई. न्यूट्रल भेटत नाही. चौकात गाडी बंद पडते, मांगचा हॉर्न वाजवते. आइल बरोबर नाही."

मी हथखोजच्या एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळते. ऑइलच्या ड्रमवरचे आकडे वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ही तक्रार मी मनावर घेतली. खरं सांगायचं तर मला ती आवडलीच. बाबांच्या तब्येतीचं काही ते मला कधी करू देत नसत. गाडीचं करू देत होते.

पहिली चूक लगेच सापडली. बाबा वर्षानुवर्षं गाडीत जाड ऑइल घालत होते. त्यांचा नियम मिलमधला होता: गरम जागेला जाड तेल. जिथं लालबुंद लोखंड रुळांवरून पळतं तिथं पातळ तेल टिकत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. भिलाईचा मे महिना त्यांना मिलसारखाच वाटे. म्हणून वीस-डब्ल्यू-पन्नास. गाडीच्या पुस्तकात मात्र दहा-डब्ल्यू-तीस लिहिलं होतं. मी त्यांना ते पान दाखवलं. पहिला आकडा गाडी थंड असतानाचा, दुसरा ती तापल्यावरचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा मोठा असला की थंडीत ऑइल दाट राहतं, क्लचच्या प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत आणि गिअर अडतो.

"भिलाईत विंटर असते किती?" बाबा म्हणाले. "चार दिवस स्वेटर घालतो आमी. त्याच्यासाठी कंपनीनं एबीसीडी लिहिली का?"

"त्या चार दिवसांतच तर गिअर अडकते बाबा."

"आनि मे महिन्यात पातळ तेल जळलं त?"

"तुमची गाडी मिल नाही. तिच्यातून पत्रा निंगत नाही."

ते हसले. दिवाळीच्या आठवड्यात ऑइल बदललं. महिनाभरानं पुन्हा फोन आला. गिअर अजून अडकतो. "तू पातळ केलं ना, म्हनून."

मग मी रिकामी बाटली पुन्हा हातात घेतली. ती बाबांच्या घराजवळच्या दुकानातून घाईत आणली होती. समोर आकडे बरोबर होते. मागं बारीक अक्षरात एमबी होतं, म्हणजे स्कूटीचं ऑइल. मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, म्हणून तिला एमए लिहिलेलं ऑइल लागतं. स्कूटीचा क्लच कोरडा असतो. तिचं ऑइल जास्त गुळगुळीत चालतं. मी दुकानात जाऊन विचारलं तर दुकानदार म्हणाला, "दीदी, सब एक ही है. इसी से आधा खुर्सीपार चल रहा है."

"आधा खुर्सीपार स्कूटी पे है, भैया," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दुकानातून बरोबर बाटली आणली.

इथं एक गोष्ट लिहायला हवी. स्कूटीच्या ऑइलनं क्लच घसरतो. इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही. गिअर अडत नाही. बाबांची तक्रार गिअर अडण्याची होती. दोन्ही जुळत नव्हतं हे मला बाटली उलटी केली त्याच मिनिटाला कळलं होतं. दिवाळीत बाबांनी मिठाईचा घट्ट डबा उघडायला माझ्याकडे दिला होता, तेही आठवलं होतं. पण ऑइल चुकीचं होतं हेही खरं होतं, आणि चुकीचं ऑइल बदलणं मला जमण्यासारखं होतं.

तर त्या रविवारी मी अंगणात घमेलं ठेवून बसले. इंजिन थोडं चालू ठेवून गरम केलं, खालचा बोल्ट सोडला. दोन महिन्यांचं ऑइल मधासारखं उतरलं. बाबांचे शेजारी, प्लांटमधलेच, जन्मभर बाबांना बुढऊ म्हणत आलेले, भिंतीवरून डोकावले.

"क्यों बुढऊ, फिर से? गाड़ी को तेल पिला रहे हो कि च्यवनप्राश?"

"तेरे को भी पिलाऊँ क्या?" बाबा म्हणाले. "तेरा भी गिअर कहाँ लगता है?"

"मेरा तो सीधा रिव्हर्स लगता है."

बाबा खुर्ची टाकून बसले होते आणि मला सूचना देत होते. बोल्ट जास्त आवळू नको. वॉशर पाहून घे. स्टँड सरळ कर, मंगच लेव्हल पाह्य. सगळ्या सूचना बरोबर होत्या. क्लचची तार मी आधीच पाहिली होती. तिला ढील बरोबर होती. ऑइल भरलं, दोन मिनिटं इंजिन चालवलं, बंद करून काडी बुडवून पाहिली. दोन खुणांच्या मधोमध.

"आता चालवा," मी म्हटलं.

बाबा गाडीवर बसले. मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होते. अंगठ्याजवळची दोन बोटं क्लचवर आली, बाकीची आलीच नाहीत. लिव्हर अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला. पायानं गिअर टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज आला, गाडीनं हिसका दिला. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, फाटकाजवळ येऊन थांबायला लागले तशी गाडी बंद पडली.

"नाही वो," ते म्हणाले. "तसंच हाये. हे आइलही बरोबर नाही."

"द्या इकडे."

हे मी का म्हटलं, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. कामाच्या सवयीनं म्हटलं, एवढंच उत्तर मिळतं. स्टोअरमधून गेलेला माल खराब आहे म्हणून परत आला की मी तो आधी स्वतः तपासते.

कॉलेजात असताना आमच्या क्वार्टरजवळ, सेक्टरच्या मैदानात बाबांनीच मला मोटारसायकल शिकवली होती. मी साडीचा पदर खोचून बसले, गल्लीच्या टोकाला गेले, तिसऱ्या गिअरपर्यंत नेली, परत आणली. फाटकाजवळ पायाचा नुसता स्पर्श झाला आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. इतकी हलकी ती गाडी कधीच नव्हती. ऑइल अगदी बरोबर होतं.

भिंतीवरून शेजारी म्हणाले, "अरे वा! बिटिया के हाथ में तो मक्खन है. बुढऊ, तेल को छोड़, अपना हाथ दिखा किसी को."

त्यांच्या मनात काही नव्हतं. थट्टा करून ते आत गेले. बाबांनी डावा हात स्वेटरच्या खिशात घातला.

मी हात धुऊन चहा केला. बाबांनी कप उजव्या हातात घेतला.

"तुले माहीत होतं?"

"अंदाज होता."

"कवापासून?"

"तुमचा दुसरा फोन आला तेव्हापासून."

"मंग आज पुन्हा आइल कावून आनलं?"

"पहिलं चुकीचं होतं म्हणून."

त्यांनी थोडा विचार केला. "हेही खरं हाये," ते म्हणाले.

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, जाऊन आलो. दोन बोटांची नस गेली आहे, आता यायची नाही. कधी गेले होते ते त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, मग स्कूटी घ्या, तिला क्लचचा लिव्हरच नसतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मिलमध्ये नवीन आलेल्या अप्रेंटिसकडे पाहत असतील.

"मांगचा ब्रेक कोन्या हातानं लावतेस तू?"

डाव्या. मी रोज स्कूटी चालवते, आणि मला सुचलं नव्हतं.

ते आतल्या खोलीत गेले. पेटी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लाल रंगाचा पत्र्याचा टॅग होता, वर भोक, भोकात तार. प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतलं की फिटर त्याच्या स्विचवर असा टॅग लावतो. मग तो फिटर स्वतः येऊन काढत नाही तोपर्यंत फोरमन असो की जनरल मॅनेजर, कोणी त्या टॅगला हात लावत नाही. कारण आत माणूस असतो. टॅगवर हिंदीत लिहिलं होतं: चालू न करें, आदमी काम पर है.

बाबांनी तो हँडलला बांधला. तार पिळायला त्यांना बराच वेळ लागला. मी पुढं झाले नाही.

"बाबा, राहू द्या. जुनी बोली सोडा. मी दिवसाआड येत जाईन. तुमी इथंच राहा."

"शटडाउन आनि ब्रेकडाउन, दोन्हीत मशीन बंदच असते," ते म्हणाले. "फरक काय?"

मी चिंध्या गोळा करू लागले.

"शटडाउन आपुन घेतो. ब्रेकडाउन होऊन जाते. कोनाले तरी ठोकून मंग गाडी सोडू का मी? टॅग मी लावला. मीच काढीन." आणि मग, कप उचलत, "तुह्या घरी समोरची खोली भेटन का मांगची?"

"समोरची."

"बरं. रस्ता तरी दिसन."

मी घमेल्यातलं ऑइल बाटलीत भरलं, अंगण पुसलं आणि निघाले. उतईच्या रस्त्यावर माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. मी जर दुसऱ्यांदाही चुकीची बाटली आणली असती, तर बाबांना दोष द्यायला काहीतरी उरलं असतं. ऑइलला नावं ठेवत त्यांचा हा हिवाळा निघाला असता. उन्हाळ्यात ऑइल पातळ झालं म्हणाले असते, पावसात पाणी गेलं म्हणाले असते. दरम्यान त्यांनी कोणाला ठोकलं असतं का, किंवा कोणी त्यांना? कदाचित. मला सांगता येत नाही. मी जे केलं ते बरोबरच होतं, असं नवरा म्हणतो, आणि त्यात मला काही चूक दाखवता येत नाही. तरीही ती गाडी गल्लीत इतकी सुरेख चालवायला नको होती. एखादा गिअर अडखळू द्यायचा. फाटकाजवळ एकदा बंद पाडायची. क्लच अर्धा सोडला की झालं. मला ते सहज जमलं असतं. "थोडं अडकतेच, बाबा" एवढं म्हणून दोन दिवसांनी एकटीनं त्यांच्याशी बोलता आलं असतं, शेजारी भिंतीवर नसताना. तपासणी करताना समोर कोण आहे ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा करण्याआधी मी समोरची खोली रिकामी केली. शिवणयंत्र मधल्या खोलीत ओढलं, धान्याच्या कोठ्या मागं नेल्या, पलंग खिडकीला लावला. मग दार आतून लावून घेतलं आणि बाबांच्या उजव्या हातात कप असेल असं धरून डाव्या हाताच्या दोन बोटांनी कडी काढून पाहिली. निघाली नाही. दुसऱ्यांदाही निघाली नाही. मी पेचकस आणला, चारही स्क्रू काढले, कडी उतरवून ठेवली आणि कामावर गेले.