डिंकाचे लाडू मी माझ्यासाठी केले

परभणीच्या दवाखान्यातून सेलूला घरी आले तेव्हा दुपार झाली होती. आठ आठवड्यांचा गर्भ पाडून आले होते. "पोटाचा त्रास होता" हे लोकांना सांगायचं वाक्य घरात आधीच तयार होतं, ते मी वापरलं नाही. धाकटी सव्वा वर्षाची, अजून अंगावर पीत होती. मागच्या बाळंतपणात गेलेलं रक्त भरून निघालं नव्हतं. तिसरं मूल नको हे मी ठरवलं, नवरा हो म्हणाला. एवढीच गोष्ट.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, आठवडाभर जड उचलायचं नाही, लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि ताप आला किंवा रक्त फार जायला लागलं तर वाट न बघता यायचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच शेक दिला, अंगाला तेल लावलं. यावेळी दुसऱ्याच सकाळी म्हणाल्या, "नळ आलाय. ऊठ, हंडे भर."

"मला उचलता येणार नाही, आत्या."

"का? बाळंतीण हायेस का तू?"

हंडे नवऱ्यानं भरले. गल्लीतल्या बायका बघत राहिल्या. त्याचे कान लाल झाले, पण भरले.

तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर बसून डिंक तुपात फुलवला, खारीक, खोबरं, गूळ घालून लाडू वळले. आत्या दारात उभ्या.

"ते बाळंतिणीला असतेत. लोकाला काय सांगायचं?"

"बाळंतपणात गेलं ते रक्त, आणि आता गेलं ते काय पाणी होतं?"

त्या दारातून निघून गेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी थंडी वाजून ताप आला, ओटीपोट दुखायला लागलं. नवरा झरीला कामावर गेलेला. आत्या म्हणाल्या, "उद्या जा त्याच्यासंगं. एकटी गेलीस तर कुणी ना कुणी भेटंल, लय बोलतेत लोक." मी धाकटीला त्यांच्याजवळ दिलं आणि एसटीनं परभणी गाठली. दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसानं कशासाठी आलात ते मोठ्यानं विचारलं. मीही तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, "गर्भपात झालाय, ताप आलाय." बाकावरच्या बायकांनी मान वळवली. त्यातली एक सरकली आणि मला बसायला जागा दिली.

जंतुसंसर्ग सुरू झाला होता. "आलात ते बरं केलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि इंजेक्शन देऊन गोळ्या वाढवल्या.

ताप उतरला त्या दिवशी आत्या माझ्या पायथ्याशी येऊन बसल्या. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझं एक पडलं होतं, चौथ्या महिन्यात. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेले. कुणी निजू दिलं न्हाई मला."

मला वाईट वाटलं. तरी म्हणाले, "द्यायला पाहिजे होतं. म्हणून तर मी उठत नाही."

आणखी सहा दिवस मी झोपून काढले. एकदा शेजारीण विचारायला आली. आत्याच दारात गेल्या आणि म्हणाल्या, "सून आराम करायलीय. डॉक्टरनं सांगितलंय."

"काय झालंय हो तिला?"

गर्भपात हा शब्द आत्यांच्या तोंडून निघेना. मग तो मीच आतल्या खोलीतून सांगितला.