काचेच्या कपाटातले काउबॉय

साठच्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांची जयपूरला बदली झाली. ते केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अधिकारी होते आणि प्लास्टिकचे काउबॉय व घोडे जमवत. आज असल्या खेळण्यांना संग्राहक मान देतात. तेव्हा तो मान फक्त वडील देत.

परदेशी निघालेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला ते गळ घालत. अशी बोटभर उंचीची सव्वीस माणसे जयपुरातल्या सी-स्कीम वस्तीतल्या आमच्या घरी, बैठकीतल्या काचेच्या कपाटात उभी होती. रविवारी वडील मऊ ब्रशने त्यांची धूळ झाडत. काउबॉय पडू नयेत म्हणून तेवढा वेळ पंखा बंद असे, जूनमध्येही. पाहुण्यांना माहिती देताना ते अमेरिकेबद्दल अशा थाटात बोलत, जणू मागची पोस्टिंग तिथलीच. प्रत्यक्षात दिल्लीच्या पुढे ते गेले नव्हते.

त्या दिवाळीत मी अंगणात किल्ला केला. मी नऊ वर्षांची होते. तिथली माती रेताड, बुरूज दोनदा ढासळला. जयपूरच्या बाजारात मातीचे लक्ष्मी-गणपती मिळत, हत्ती मिळत, मावळे नाहीत. आत्याने पुण्याहून पाठवलेल्या मावळ्यांचा पार्सलमध्ये चुरा झाला होता. दुसऱ्या दिवशी मंडळी फराळाला येणार होती आणि किल्ल्यावर एकही माणूस नव्हता. मी वडिलांकडे दहा काउबॉय मागितले.

"ते खेळणं नाही," ते म्हणाले. "संग्रह आहे."

"एक दिवसापुरते द्या ना, बाबा."

"उद्या म्हणशील, पाण्यात पोहायला सोडू."

फराळाला वडिलांचे साहेब आले. तेही मराठीच. बरोबर चार वर्षांचा नातू होता. तो थेट कपाटाशी गेला आणि काचेवर थापा मारत म्हणाला, "मुझे घोडा दो."

वडिलांनी कपाट उघडले. "घे की राजा. खेळायचेच आहेत ते."

"अहो, मोडेल तो," साहेब म्हणाले.

"मोडू द्या, साहेब. मुलांचंच आहे सगळं."

नातवाने सात उचलले. एका घोड्याचा कान चावून पाहिला. वडील कौतुकाने हसले. आई चकल्यांची ताटली घेऊन दारात उभी होती; ती वडिलांकडे बघत राहिली.

निघताना साहेब अंगणात थांबले. "किल्ला झकास. पण माणसं कुठायत?"

"यंदा जमलं नाही," वडील म्हणाले.

नातू सातही घोडेस्वार छातीशी धरून गाडीत बसला. वडिलांनी गाडीचे दार स्वतः लावले.

मंडळी गेल्यावर आई म्हणाली, "आता तरी द्या तिला. साहेबांच्या नातवाला चालतं, मग आपल्या पोरीलाही चालेल."

वडिलांनी कपाटातून दोन काउबॉय काढून माझ्यापुढे धरले. "हे घे. नाहीतरी नीट उभे राहत नाहीत."

मी घेतले नाहीत. त्यांनी आग्रह केला नाही. दोघांनाही परत ठेवून ते उरलेल्या रांगेत अंतर वाढवत बसले, कमी झालेले दिसू नये म्हणून.