अमावास्येला बंद पडणारं टोकन

सगळ्यात आधी फिरोजभाईंचं नाव लिहितो. मालेगावचे फिरोजभाई, आमच्या ऑफिसमधले सीनियर डेव्हलपर. पुढे जे सांगणार आहे त्यात टाइप करणारी बोटं माझी होती, डोकं त्यांचं. वाचून झाल्यावर कोणी मला हुशार म्हणू नये, म्हणून आधीच सांगितलं.

त्या सकाळी मंदार सर माझ्या टेबलापाशी आले तेव्हा स्क्रीनवर लाल ओळी धावत होत्या. सर आमच्या कंपनीचे मालक. उभ्याउभ्याच म्हणाले, "दिनेश, पंचवटीचं परत बंद?"

"हो सर."

"का?"

"बघून राहिलो सर."

"बघून राहू नकोस. सांग."

मी गोंदिया जिल्ह्यातला, देवरीकडचा. घाबरलो की तिकडचं बोलणं तोंडात येतं. शाळा नववीत सुटली. नाशिकला आलो ते अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगला. फिरोजभाई तिथे बारकोडचं सॉफ्टवेअर बसवायला आले होते. मी त्यांच्या मागे उभा राहून इतके प्रश्न विचारले, की जाताना त्यांनी वैतागून आपला नंबर दिला. पुढे सुट्टीच्या दिवशी शिकवलं, स्वतःचा जुना लॅपटॉप दिला, आणि शेवटी मंदार सरांना गळ घालून मला ट्रायलवर घ्यायला लावलं. ती ट्रायल अजून चालू होती. घरी मात्र मी सांगून बसलो होतो की नोकरी पक्की आहे. बाबा बाजारात भेटेल त्याला सांगत होते की पोरगं कॉम्प्युटरच्या ऑफिसात बसतं.

आता पंचवटीचं काम काय होतं ते सांगतो. तिथे उपाध्यायांची चार घरं आहेत, सगळे एकमेकांचे भाऊबंद. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, विधी करायला लांबलांबचे लोक त्यांच्याकडे येतात. हल्ली लोक निघण्याआधी सोशल मीडियावरच्या त्यांच्या पेजवर मेसेज टाकतात. अमुक दिवशी पोचतो, वडिलांच्या अस्थी आहेत, इतके जण आहोत. आमचा प्रोग्रॅम त्या मेसेजला लगेच उत्तर द्यायचा, नाव-गाव-विधी विचारून घ्यायचा आणि सगळं नीट मांडून पेजच्या फोनवर पाठवायचा.

मेसेज राहतात त्या सोशल मीडिया कंपनीकडे, समुद्रापलीकडे. आमचा प्रोग्रॅम इकडे. दोघांचं बोलणं होतं ते एपीआयमधून. एपीआय म्हणजे कचेरीतली खिडकी समजा. आत जाता येत नाही. ठरलेल्या पद्धतीनं मागणी सरकवायची, ठरलेल्या पद्धतीनं उत्तर बाहेर येतं. खिडकीवर ओळख दाखवावी लागते, तिला टोकन म्हणतात. अंबडच्या गेटपाससारखंच. पेज ज्याच्या हातात आहे त्यानं फोनवर 'परवानगी आहे' असं बटण दाबलं की तो पास आपल्याला मिळतो. पास गेला की खिडकी बंद.

पहिल्यांदा माझ्यासमोर त्या खिडकीतून उत्तर आलं तो दिवस मी विसरणार नाही. मी पंचवटीच्या पेजचं नाव विचारलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते नाव, देवनागरीत, माझ्या स्क्रीनवर. एवढा लांबचा सर्व्हर आणि देवरीच्या पोराला उत्तर देतो. मी चहा प्यायला खाली गेलो आणि चहा न पिताच वर आलो, परत एकदा विचारून बघायला.

तर आमचा पास मरत होता. दर महिन्याला केव्हातरी, अचानक. मी पंचवटीला लिंक पाठवायचो, तिकडे कोणीतरी बटण दाबायचं, काम सुरू व्हायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

या वेळी मात्र वाईट झालं. तेलंगणातलं एक कुटुंब अस्थी घेऊन आलं होतं. त्यांच्या मेसेजला उत्तरच गेलं नव्हतं. म्हातारी आणि दोन मुलं घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिली, कोणाला विचारावं ते न कळून. चारही घरांत वयानं मोठ्या असलेल्या मुकुंदगुरुजींनी मंदार सरांना फोन केला. आवाज चढवला नाही, म्हणून सर जास्त घाबरले. गुरुजींनी एवढंच सांगितलं, की पुन्हा असं झालं तर तुमचं ते काढून घ्या, आम्ही आपले फोनवरच बरे.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "हे काम गेलं तर तुझी ट्रायल संपली. मला वाईट वाटेल, पण संपली."

नेहमीसारखी लिंक पाठवून काम सुरू केलं आणि मी कारण शोधायला लागलो. काही पासांना मुदत असते, म्हणून आधी ती तपासली. त्या कंपनीनं त्यासाठी एक पान ठेवलंय. पास तिथे टाकला की तो कोणी दिला, कधीपर्यंत चालेल, सगळं सांगतं. मुदत शिल्लक असतानाच तो मेला होता.

मग एररची पूर्ण ओळ वाचली. तिच्यात दोन कारणं एकत्र दिली होती. एकतर अकाउंटचा पासवर्ड बदलला असेल, नाहीतर सुरक्षेसाठी त्या कंपनीनंच पास रद्द केला असेल. यातलं कोणतं, ते लिहिलेलं नव्हतं. मी मुकुंदगुरुजींना फोन करून विचारलं, पासवर्ड बदलला का. ते म्हणाले, आमच्या घरात कोणी हात लावलेला नाही, देवाशपथ. गुरुजींची देवाशपथ म्हटल्यावर आणखी काय विचारणार? म्हणजे दुसरं कारण. आमच्या सर्व्हरचा संशय येत असेल म्हणून सरांनी सर्व्हरची जागा बदलायला लावली. त्या कंपनीला लिहिलं, तर संपर्क केल्याबद्दल आभार मानणारं उत्तर आलं. ते मशीननंच पाठवलेलं होतं. डेव्हलपर लोक जिथे आपली रड मांडतात तिथे वाचत बसलो. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्याच खिडकीसमोर, तीच एरर हातात घेऊन उभी होती. एकटेपणा थोडा गेला. उत्तर मात्र कोणाकडेच नव्हतं.

फिरोजभाई तेव्हा दुसऱ्या कामावर पुण्याला गेले होते. आले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. मी कोड उघडून दाखवायला लागलो, तर त्यांनी लॅपटॉपचं झाकणच खाली केलं.

"पास कोणाच्या अकाउंटवरून मिळतो?"

"पेज ज्या अकाउंटवर आहे त्याच्यावरून."

"ते अकाउंट कुठे असतं?"

"फोनमध्ये."

"फोन कोणाकडे?"

"गुरुजींकडे असेल."

"असेल? पासवर्डचं तू विचारलंस कोणाला?"

"गुरुजींनाच."

"आणि फोन दुसऱ्याच्या खिशात असला तर?"

भाई हसले. "आमच्याकडे मालेगावला कापडाचा लूम बंद पडला ना, तर अब्बा आधी मशीनला हात नाही लावत. विचारतात, याच्याजवळ शेवटी कोण उभं होतं. कोड इथेच राहील, पळून नाही जाणार. तू पंचवटीला जा."

मी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, उद्याच या, उद्या अमावास्या आहे, पाळी बदलते, चारही घरं एकत्र भेटतील.

पाळी म्हणजे काय ते मला तिथे गेल्यावर कळलं. नव्या यात्रेकरूंचं बघणं एका महिन्याला एका घराकडे. अमावास्येला ते दुसऱ्या घराकडे जातं. हे कधीपासून चालत आलंय ते मुकुंदगुरुजींनाही सांगता येईना.

ओटीवर सगळे जमले होते. एका तबकात घाटावरच्या खोलीची किल्ली होती, आणि किल्लीशेजारी पेजचा फोन. दोन्हींना हळदकुंकू लावलेलं. पाळी संपलेल्या घरानं तबक मुकुंदगुरुजींकडे दिलं, आणि सगळ्यांत मोठे म्हणून त्यांनी ते आपल्या चुलतभावापुढे, श्रीकांतगुरुजींपुढे धरलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. मग खोलीवर गेले, आधीच्या घराचं कुलूप काढून आपलं लावलं. परत आले, फोन उचलला, चष्मा वर केला आणि अगदी सावकाश, एकेक अक्षर दाबत पासवर्ड बदलला.

माझ्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. त्यात लॉग चालू होता. लॉग म्हणजे आमच्या प्रोग्रॅमची रोजनिशी. कधी काय मागितलं, काय उत्तर आलं, ते ओळीनं येत राहतं. श्रीकांतगुरुजींनी शेवटचं बटण दाबून फोन खाली ठेवला. पुढची ओळ लाल आली. तिच्याखालची लाल. मग सगळ्याच.

गंगेकाठच्या एका ओटीवर पाळी बदलली होती, आणि समुद्रापलीकडच्या मशीनला ते त्या क्षणी समजलं होतं. त्याला अमावास्या माहीत नाही, तबक माहीत नाही. पण घर बदललं, जुना पास आता चालायचा नाही, एवढं त्याला बरोबर कळलं.

मी श्रीकांतगुरुजींना विचारलं, "काका, पासवर्ड दर वेळी बदलता?"

"म्हणजे काय. ज्याची पाळी त्याचं कुलूप."

"आधीच्या घरावर भरवसा नसतो?"

मुकुंदगुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "उलटं आहे, बाळा. उद्या काही गहाळ झालं तर आधीच्या घराकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून नवं घर कुलूप बदलतं. आधीच्याची अब्रू राखायला."

मग म्हणाले, "तू मला आमच्या घराचं विचारलंस. मी आमच्या घराचं सांगितलं." खरंच होतं ते. पाळी ज्या घरी गेली त्यानं फोनचं काय केलं, याबद्दल दुसऱ्या घरानं बोलायची त्यांच्यात रीतच नव्हती. आणि ज्या घरानं पासवर्ड बदलला त्याला मी कधी विचारलंच नव्हतं.

ऑफिसात येऊन सांगितलं तर मंदार सर खूश. "झालं मग. त्यांना सांग, पासवर्ड बदलू नका."

मी उभाच राहिलो. हे मी त्या ओटीवर जाऊन कसं सांगणार होतो?

फिरोजभाई म्हणाले, "सर, त्यांची सिक्युरिटी आपल्यापेक्षा चांगली आहे. आपल्याकडे मागच्या दिवाळीत सोडून गेलेल्या मुलाचं लॉगिन अजून चालतं."

दुपारी ते लॉगिन बंद झालेलं दिसलं.

उपाय भाईंना माहीत होता. त्या सोशल मीडिया कंपनीकडे एक सोय आहे, तिला सिस्टम यूझर म्हणतात. पेज आधी एका संस्थेच्या नावावर घ्यायचं, मग त्या संस्थेत असा एक यूझर बनवायचा, जो माणूस नाहीच. त्याला फोन नाही, त्याच्या नावानं कोणी लॉगिन करत नाही. पास त्याच्या नावावर काढायचा. मग चार घरांनी आपापल्या अमावास्येला कितीही पासवर्ड बदलले तरी पासाला धक्का लागत नाही. माणूस नसलेल्या माणसाच्या नावानं परवानगी! असं काही कोणाला सुचलं असेल, याचंच मला नवल.

पण चारही घरांचं हो हवं होतं. भाई आणि मी दोघं गेलो. भाईंनी सगळं समजावलं. श्रीकांतगुरुजींनी लगेच विचारलं, "हा नवा यूझर कोणाच्या घरचा?"

"कोणाच्याच नाही."

"असं कसं? कोणाचा तरी असेलच की."

भाई अडखळले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, त्याला सोयर नाही, सुतक नाही."

घरात जन्म झाला की सोयर, मृत्यू झाला की सुतक, आणि त्या दिवसांत त्या घराला काम करता येत नाही. मुकुंदगुरुजी आधी हसले, मग बाकीचे. "मग ठेवा त्याला," ते म्हणाले. "आमच्यात असा एकही नाही." एकानं विचारून घेतलं, त्याला दक्षिणेत वाटा द्यावा लागेल का. मग फिरोजभाईंसमोर चहा आला, पाठोपाठ दुसरा.

पेज संस्थेच्या नावावर व्हायला, पडताळणी व्हायला वेळ गेला. नवा पास हातात आला तोवर पुढची अमावास्या आली. मी ऑफिसात लॉग उघडून बसलो. भाईंनी बजावलं होतं, काही झालं तरी कीबोर्डला हात लावायचा नाही. मंदार सर माझ्या मागे उभे होते. पंचवटीहून फोन आला, पासवर्ड बदलला.

ओळ आली. हिरवी. मग दुसरी. मग निजामाबादहून कोणाचा तरी हिंदीत मेसेज, आईचं श्राद्ध करायचंय, आम्ही चौघे. आमच्या प्रोग्रॅमनं नमस्कार करून नाव विचारलं. तिकडून नाव आलं. मला रडू येत होतं आणि सर मागे होते म्हणून येऊ दिलं नाही.

सर म्हणाले, "उद्यापासून सिन्नरच्या क्लायंटचंही तू बघ." ट्रायलचा विषय परत निघाला नाही. महिनाअखेरीस नोकरी पक्की झाली. घरी सांगायला नवीन काही नव्हतं, त्यांना ते आधीच माहीत होतं.

या धंद्यात येणाऱ्यांना माझ्याकडून सांगण्यासारखं एवढंच आहे. परवानगी माणसाच्या नावावर घेतली तर माणसाबरोबर जाते. आणि एररमध्ये दोन कारणं लिहिली असतील, तर पहिलं नाकारायच्या आधी ते कोणाला विचारलं होतं, हे आठवून बघा.

राहिले फिरोजभाई. मी पेढे नेले तर एक उचलला आणि बाकीचा खोका ऑफिसात फिरवला. आभार मानायला लागलो की विषय बदलतात. आमच्याकडे कुठलाही सर्व्हर बंद पडला की पहिला फोन त्यांना जातो, सुट्टी असो, काहीही असो. मागच्या ईदला त्यांनी मालेगावहून घरच्या सगळ्यांचा फोटो पाठवला. सगळे जेवायला बसलेले, आणि कोपऱ्यात भाई, मांडीवर लॅपटॉप. तो फोटो बघितल्यापासून मी रोज थोडं थोडं त्यांचं काम शिकतो आहे. अजून पुष्कळ बाकी आहे, भीतीही वाटते. पण एक ईद अशी येईल, की भाई मालेगावला जातील, लॅपटॉप नाशिकलाच राहील, आणि पहिला फोन मला येईल. भाई, हा माझा शब्द.