हाकेची चाल

मन्सूरचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. कासारवाडीत त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. पेटी तो कधी शिकला नाही, सा कुठला हेही त्याला सांगता येणार नाही. मी बारा वर्षं पेटी शिकलो, परीक्षा दिल्या, चाकणच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून रियाज केला. तरी आमच्या भागात कुणाच्या वाढदिवसाचं गाणं करायचं ठरलं, की स्टुडिओवाला सार्थक विचारणार, "चाल मन्सूरभाईंची ना?" शब्द माझे असतात. व्हिडिओवर 'संगीत' म्हणून नाव त्याचं येतं. अंगाचा तिळपापड होतो नुसता.

त्याची पद्धत ऐकाल तर हसाल. हातात पाना, समोर उघडलेलं इंजिन, आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "लहानपणी घरातून हाक कशी मारायचे?" माणूस लाजत लाजत हाक मारून दाखवतो. मन्सूर ती दोन-चारदा गुणगुणतो, जरा लांबवतो, आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत मुखडा तयार. लोक एकदा ऐकून गायला लागतात. मी मात्र आठ-आठ दिवस पेटीवर सूर चाचपत बसतो, आणि हाती लागतं ते परीक्षेच्या धड्यासारखं वाजतं.

यंदा तळवड्याच्या गणराजच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं गाणं आलं. सार्थक म्हणाला, "दोघंही चाल करा. आवडेल ती घेऊ, त्याचंच नाव टाकू." मन्सूरच्या पोटात काही राहत नाही. मला म्हणाला, "जुम्म्याच्या नमाजनंतर गणराजच्या आईकडे जातो, भाऊ. तुम्हीपण चला."

मी गुरुवारीच गेलो. एकटा.

गणराजच्या आई, दुर्गाबाई, अंगणात लसूण सोलत होत्या. "हाक? आता कशापायी मारू? फोन लावते की," त्या हसल्या. मग उठून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "गणूऽऽ, ये रंऽऽ!" मी मोबाइलमध्ये टिपून घेतलं. चोरी ती चोरीच, पण घरी येऊन पेटीवर बसलो तेव्हा अगदी जिंकल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी स्टुडिओत चाल वाजवली. सार्थक म्हणाला, "बरी आहे." मन्सूर डोळे मिटून ऐकत होता. आता याचं तोंड उतरेल, म्हणून मी वाट बघत होतो.

"आई काल बोलल्या, तुम्ही येऊन गेलात," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हाक छान धरलीत. फक्त 'ये रं' खाली आणू नका, राव. पोरगं अजून आलेलं नाही ना? वरच ठेवा." त्याने गाऊन दाखवलं. सार्थकच्या हातातला चहा तसाच राहिला. "हीच घ्या," मन्सूर त्याला म्हणाला, "आणि नाव भाऊंचं टाका. आधी तेच गेले होते."

वाढदिवसाला चौकात गाणं लागलं. दुर्गाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पडद्यावर नाव होतं, 'संगीत: ज्योतीराम'. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जळलो ते मिळालं, आणि जळणं काही थांबलं नाही. उलट वाढलंच. निदान त्याने माझ्याशी भांडायला तरी हवं होतं.

सोमवारी कंपनीत निघालो तेव्हा गॅरेजसमोरून जावं लागलं. "ज्योतीरामभाऊऽऽ, चहाऽऽ!" मन्सूरने हाक मारली. शेवटचा सूर वरच ठेवला होता. ऐकूच आलं नाही असं दाखवून मी गाडी पुढे काढली. चाकण येईपर्यंत ती हाक तोंडात घोळत होती, आणि तिचा मुखडा होत गेला. पेटीशिवाय मला सापडलेली ती पहिली चाल, आणि तीही त्याचीच.